रासायनिक, जैविक, आण्विक हल्ला झालाच तर? सरकारी तयारीबद्दल मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या, भोंगे वाजले, काही ठिकाणी दिवे घालवले गेले. त्यानंतर सोसायट्यांच्या सभांपासून लोकलच्या डब्यापर्यंत तेच ते प्रश्न ऐकू येऊ लागले. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. भर मुंबईवर आहे, पण पुणे, ठाणे, नाशिककरांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सामूहिक संहाराची शस्त्रं म्हणजे नेमकी कोणती?

आण्विक, रासायनिक आणि जैविक. २००५ साली संसदेने यासाठी वेगळा कायदा केला. अशी शस्त्रं बनवणं, बाळगणं, हस्तांतर करणं, त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान बाहेर देणं हा गुन्हा ठरला. २०२२ च्या दुरुस्तीने त्यासाठी पैसा पुरवणंही गुन्ह्यात आलं. आपत्ती व्यवस्थापनाच्या यंत्रणा यात चौथा धोका धरतात, तो किरणोत्सारी पदार्थांचा. चौघांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘सीबीआरएन’ असा शब्द सरकारी कागदांत सर्रास येतो, म्हणून इथेही तोच वापरला आहे.

मुंबईला खरंच धोका आहे, की उगाच घाबरवणं चाललंय?

बंदर, तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र, चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्या आणि खत कारखाना, शिवाय लोकलची गर्दी. हे सगळं एकाच शहरात असल्यावर धोका शून्य आहे असं कुणी म्हणू नये.

पण आजवर आपल्याकडे जे घडलंय ते पाहिलं तर शत्रूपेक्षा विस्मरणाने जास्त नुकसान केलंय. १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजी बंदरात क्लोरीनची गळती झाली. सिलिंडर वर्षानुवर्षं तिथेच बेवारस पडून होते. शंभराच्या आसपास माणसांना त्रास झाला, त्यांत मदतीला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. क्लोरीन म्हणजे पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्र इथे शस्त्र म्हणून वापरलेला वायू. तोच वायू आपण पाणी शुद्ध करायला वापरतो, आणि तो बंदराच्या एका कोपऱ्यात कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. त्यामुळे ‘शहर सुरक्षित आहे का’ हे तपासताना मी आधी नोंदवह्या बघेन, क्षेपणास्त्रं नंतर.

असं काही घडलं तर जबाबदारी कुणाची?

कागदावर साखळी स्पष्ट आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने वर राष्ट्रीय प्राधिकरण म्हणजे एनडीएमए, मग राज्य, मग जिल्हा अशी उतरंड घातली. एनडीएमएने २००७ ते २००९ या काळात रासायनिक अपघात, जैविक आपत्ती, रासायनिक दहशतवाद आणि आण्विक-किरणोत्सारी आणीबाणी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढल्या. किरणोत्सारासाठी तांत्रिक मदत भाभा केंद्राची, साथीसाठी आरोग्य खात्याची, रासायनिक आणि जैविक शोधसाधनांसाठी ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेची.

प्रत्यक्षात पहिला अर्धा तास अग्निशमन दल, जवळचं पोलीस ठाणं आणि सर्वांत जवळचं रुग्णालय यांचाच असतो. सगळ्या मार्गदर्शिकांचा कस तिथे लागतो.

एनडीआरएफ येईपर्यंत किती वेळ जाईल?

एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन पुण्याजवळ, मावळातल्या सुदुंबरे इथे आहे. दल २००६ मध्ये आठ बटालियनांनिशी उभं राहिलं तेव्हा त्यातल्या चार खास सीबीआरएनसाठी सज्ज करायच्या ठरल्या आणि पुण्याची त्यांतली एक. मुंबईत अंधेरीला तुकडी असते. बाकी कुमक एक्स्प्रेसवेने येणार, म्हणजे घाटात ट्रक आडवा नसेल तर दोन-तीन तास. राज्याचं एसडीआरएफ धुळे आणि नागपूरला आहे, तिथून मुंबईपर्यंतचं अंतर सांगायला नको.

नर्व्ह एजंटसारख्या, म्हणजे मज्जासंस्थेवर घाव घालणाऱ्या, विषाचा परिणाम मिनिटांत होतो. म्हणून एनडीआरएफचं काम मुख्यतः घेराबंदी, नमुने, निर्विषीकरण आणि साफसफाईचं असतं. जीव वाचवायचे ते त्याआधीच वाचलेले असतात, किंवा नसतात.

रुग्णालयं तयार आहेत का?

याचं उत्तर टोकियोतून सुरू करावं लागेल. २० मार्च १९९५ च्या सकाळी ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सरीन हा नर्व्ह एजंट सोडला. चौदा माणसं गेली, हजारो बाधित झाले. सुरुवातीला अग्निशमन दलाने वेगळंच रसायन असल्याचं कळवलं. सेंट ल्यूक्स या रुग्णालयात त्या दिवशी ६४० रुग्ण आले आणि त्यांतले बहुतेक रुग्णवाहिकेतून आलेच नाहीत. चालत आले, टॅक्सीने आले, मिळेल त्या गाडीने आले. अंगावरच्या कपड्यांत सरीनची वाफ होती. दारात कुणी कपडे उतरवून घेतले नाहीत, आणि जवळपास एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांना स्वतःला लक्षणं जाणवली. विष सरीन आहे हे डॉक्टरांना कळलं ते टीव्हीवरून. त्याआधी मात्सुमोतोतून एका डॉक्टरने टीव्ही पाहून फोन करून सांगितलं होतं की ही लक्षणं आम्ही गेल्या वर्षी पाहिलीत. १९९४ च्या जूनमध्ये त्या शहरात याच पंथाने सरीन सोडलं होतं.

आता केईएम किंवा सायनच्या कॅज्युअल्टीचं दार डोळ्यांसमोर आणा. पाचशे लोक एकाच वेळी आले तर त्यांना आधी बाहेर, पाण्याखाली उभं करायची जागा कुठे आहे? एनडीएमएच्या मार्गदर्शिकेत निर्विषीकरणाची व्यवस्था लिहिलेली आहे. पण ती दारापाशी प्रत्यक्षात असणं आणि रात्रपाळीच्या वॉर्डबॉयला माहीत असणं ही वेगळी गोष्ट. माझ्या मते मुंबईच्या तयारीतलं सर्वांत मोठं भगदाड हेच आहे, आणि त्याला लागणारा पैसा क्षेपणास्त्रांच्या तुलनेत किरकोळ आहे. एक नळजोडणी, ताडपत्र्या, सुटे गाऊन, प्लास्टिकच्या पिशव्या आणि वर्षातून दोन तालमी.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. सरीन आणि शेतात फवारली जाणारी ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकं शरीरात एकाच एंझाइमवर घाव घालतात. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला फेस येतो, श्वास अडतो. उपायही सारखेच: अ‍ॅट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्साइम. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत असे रुग्ण दरवर्षी येतात. म्हणजे नर्व्ह एजंटच्या विषबाधेसारखं काही समोर आलं तर ते ओळखायचा सराव मुंबईतल्या चकचकीत खासगी रुग्णालयापेक्षा यवतमाळच्या मेडिकलमधल्या निवासी डॉक्टरला जास्त असेल. हा अनुभव मुंबईच्या योजनेत कुणी ओढून घेतला तर फायदा होईल.

डर्टी बॉम्ब आणि अणुबॉम्ब एकच ना?

नाही. अणुबॉम्बमध्ये अणुविखंडन होतं, शहराचा मोठा भाग जातो. डर्टी बॉम्ब म्हणजे साध्या स्फोटकांना बांधलेला किरणोत्सारी पदार्थ. त्यात माणसं मरतात ती बहुधा स्फोटानेच. पुढचं नुकसान वेगळं असतं: परिसर महिनोन्‌महिने बंद, घरांच्या किमती, बाजारपेठ, आणि भीती.

भीतीचं वजन किती असतं ते ब्राझीलमधल्या गोयानियात दिसलं. १९८७ मध्ये तिथे ओसाड पडलेल्या दवाखान्यातून कर्करोगावरच्या उपचाराचं यंत्र भंगारात गेलं, आतलं सीझियम-१३७ फुटून पसरलं. चार जण गेले. तपासून घ्यायला स्टेडियमवर रांगा लागल्या आणि १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली. दूषित निघाले २४९.

आपल्याकडे असं काही झालं होतं ना दिल्लीत?

हो, मायापुरीत. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेलं एक विकिरण यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते जुन्या सामानाबरोबर लिलावात निघालं. भंगारवाल्यांनी शिशाचं आवरण फोडलं, आतला भाग कापला, तुकडे वेगवेगळ्या दुकानांत गेले. एकाने तर तुकडा पाकिटात ठेवला होता. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडून रुग्णालयात गेली तेव्हा डॉक्टरांना शंका आली. एक कामगार दगावला. अणुऊर्जा नियामक मंडळाने विद्यापीठाचे किरणोत्सारी स्रोतांचे सगळे प्रयोग थांबवले.

लक्षात घ्या, हा स्रोत चोरीला गेला नव्हता. देशातल्या नामांकित विद्यापीठाने तो पावती करून विकला होता. कुणाच्या मनात वाईट असतं तर काय झालं असतं, हा विचार त्यानंतर यंत्रणेने बऱ्यापैकी गंभीरपणे केला. अणुऊर्जा नियामक मंडळ, ज्याचं मुख्यालय आपल्याच अणुशक्तिनगरात आहे, ते आता ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून परवाने देतं आणि स्रोत कुठे आहे, कुणाकडे आहे, वापर संपल्यावर परत कुठे गेला याची नोंद ठेवतं. रुग्णालयांतली यंत्रं, वेल्डिंग तपासणारे रेडिओग्राफी कॅमेरे, सगळं त्यात येतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यावर कुणी चित्रफीत बनवणार नाही, पण डर्टी बॉम्बविरुद्धची आपली सर्वांत भक्कम भिंत हीच आहे.

बंदरात आलेले कंटेनर तपासतात का?

प्रत्येक कंटेनर उघडून बघत नाहीत, बघणं शक्यही नाही. सीमाशुल्क विभाग जोखमीच्या निकषांवर निवड करतो आणि निवडलेले कंटेनर स्कॅनरखालून जातात. किरणोत्सार ओळखणाऱ्या कमानींची एक गंमत आहे: सिरॅमिक टाइल्स, ग्रॅनाइट, पोटॅश खत यांनीही त्या वाजतात, कारण या वस्तूंमध्ये नैसर्गिक किरणोत्सार असतो. त्यामुळे यंत्र बसवण्याइतकंच महत्त्व ते वाजल्यावर न कंटाळता दुसऱ्या यंत्राने खात्री करणाऱ्या माणसाला असतं.

भंगारावर जास्त लक्ष असतं. आयात होणाऱ्या धातूच्या भंगाराला पाठवण्यापूर्वीच किरणोत्साराची तपासणी झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. याला महाराष्ट्राचाही इतिहास आहे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट-६० सापडलं, बटनांचं पोलाद भारतातलं निघालं आणि माग खोपोलीच्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत आला. कुठलातरी स्रोत भंगारातून भट्टीत वितळला होता.

शहरात किरणोत्सार मोजणारी काही व्यवस्था आहे का?

आहे. भाभा केंद्राचं देशभर पसरलेलं मोजणी केंद्रांचं जाळं पार्श्वभूमीचा किरणोत्सार सतत नोंदवतं, आणि आणीबाणीसाठी त्यांची वीसपेक्षा जास्त प्रतिसाद केंद्रं आहेत. हेलिकॉप्टरमधून मोठा भाग तपासायची यंत्रणाही आहे. याशिवाय एनडीएमएने पन्नासहून अधिक शहरांतल्या पोलीस गाड्यांत साधी, ‘आहे की नाही’ एवढंच सांगणारी यंत्रं बसवायची योजना आखली. कल्पना चांगली आहे. हवालदाराला मिलिसीव्हर्टचं गणित येण्याची गरज नाही, ‘इथून मागे व्हा’ एवढं कळलं की पुरे.

जैविक हल्ला झाला तर कळणार कसा?

बॉम्बसारखा आवाज नसतो, वास नसतो. पहिली खूण म्हणजे एकाच भागातून अचानक तापाचे रुग्ण वाढणं. म्हणून इथे हेर म्हणजे दवाखान्यातली नोंद. २००४ मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यातून अशी माहिती गोळा करतो. त्यामागे १९९४ च्या सुरतच्या प्लेगचा धडा होता. तेव्हा काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले, आणि निदानावरून वाद चालूच राहिला.

नमुने तपासायला पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे. २०१२ पासून तिथे देशातली पहिली सर्वोच्च सुरक्षा पातळीची, म्हणजे चौथ्या पातळीची प्रयोगशाळा आहे. याबाबतीत महाराष्ट्र नशीबवान म्हणायला हवा.

अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. २००१ च्या अँथ्रॅक्सच्या पत्रांनी पाच माणसं गेल्यावर २००३ मध्ये ‘बायोवॉच’ सुरू झालं. तीसहून अधिक शहरांत हवा ओढणारी यंत्रं बसवली, रोज फिल्टर काढून प्रयोगशाळेत न्यायचे. मातीत नैसर्गिकरीत्या असलेल्या जीवाणूंनीही सूचना मिळायच्या, उत्तर यायला दीड दिवस लागायचा. स्वयंचलित पुढची पिढी २०१४ मध्ये खर्च आणि कामगिरी पाहून सोडून दिली. आपण ते यंत्र आणलं नाही, याचं मला वाईट वाटत नाही. तोच पैसा पालिकेच्या दवाखान्यातल्या नोंदी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांवर घातला तर प्लेगही कळेल आणि लेप्टोही.

क्षेपणास्त्र आलं तर हवेतच पाडता येईल का?

डीआरडीओने २००६ आणि २००७ मध्ये बॅलिस्टिक क्षेपणास्त्र भेदणाऱ्या दोन थरांच्या यशस्वी चाचण्या केल्या. दिल्ली आणि मुंबईला आधी कवच मिळणार अशा बातम्या २०१२ मध्ये आल्या होत्या. दुसऱ्या टप्प्यातल्या एडी-१ या भेदक क्षेपणास्त्राची पहिली चाचणी नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. रशियाकडून एस-४०० या हवाई संरक्षण प्रणालीच्या खरेदीचा करार २०१८ चा. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून ‘सुदर्शन चक्र’ हे संरक्षण कवच जाहीर झालं, उद्दिष्ट २०३५ चं. तोवर आणि त्यानंतरही शंभर टक्के खात्री कुठलंच कवच देत नाही. इस्रायलसारख्या छोट्या देशालाही ते जमलेलं नाही.

खरी ढाल धाकाची आहे. भारताचं धोरण अण्वस्त्र आधी न वापरण्याचं आहे, पण २००३ मध्ये त्यात एक ओळ जोडली गेली: मोठा जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला तरी आण्विक उत्तराचा पर्याय राहील. आणि १९८८ च्या करारानुसार भारत-पाकिस्तान दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, कारण त्यांवर हल्ला करायचा नाही असं ठरलंय. १९९२ पासून ही देवाणघेवाण सुरू आहे, कारगिल आणि पुलवामाच्या वर्षांतही ती चुकली नाही.

भारताकडे स्वतःची रासायनिक शस्त्रं आहेत का?

होती. रासायनिक शस्त्रबंदी करारानंतर आपण मस्टर्ड वायूचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली तो पूर्ण नष्ट केला.

भोंगा वाजला तर करायचं काय? पळायचं की घरात थांबायचं?

बहुतेक वेळा घरात थांबायचं. पण कुठल्या मजल्यावर, ते धोक्यावर अवलंबून, आणि इथेच लोकांची गल्लत होते.

क्लोरीनसारखे वायू हवेपेक्षा जड असतात, ते सखल भागात आणि तळघरात साचतात. अशा वेळी वरच्या मजल्यावर जा, खिडक्या बंद करा, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद करा, दारांच्या फटीत ओले टॉवेल लावा. रस्त्यावर असाल तर वाऱ्याला आडवं चालत वायूच्या पट्ट्यातून बाहेर पडा.

अणुस्फोटानंतरच्या किरणोत्सारी धुळीत उलट. ती छतावर आणि रस्त्यावर बसते, म्हणून मोठ्या काँक्रीटच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतींपासून दूर, किंवा तळघरात. दहा-पंधरा मिनिटांत आत शिरा आणि किमान चोवीस तास बाहेर पडू नका. ही धूळ झपाट्याने निवते. पहिल्या तासानंतरची तीव्रता सात तासांनी साधारण एक दशांश, दोन दिवसांनी एक शतांश उरते. म्हणजे पहिल्या तासात गाडी काढून एक्स्प्रेसवे गाठणारा माणूस सर्वांत वाईट वेळी सर्वांत वाईट जागी, खारघरच्या जॅममध्ये अडकणार.

दोन्ही प्रकारांत बाहेरून आलात तर वरचे कपडे दारातच काढा, पिशवीत बांधा. एवढ्यानेच अंगावरचं बरंचसं दूषण जातं. मग साबण आणि पाणी. घासू नका.

सूचना मिळणार कुठून?

२०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदम कर्कश वाजले होते आणि अर्धी ऑफिसं दचकली होती, आठवतंय? ती दूरसंचार विभागाची सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. विशिष्ट टॉवरखालच्या सर्व फोनवर, मराठीतूनही, संदेश पाठवता येतो. एनडीएमएचं ‘सचेत’ अ‍ॅप आहे. मुंबईत पालिकेचा १९१६, राज्यभर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. आकाशवाणी विसरू नका, मोबाईलचं जाळं कोसळलं तर बॅटरीवरचा रेडिओच उरतो.

घरात आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवू का?

नको. त्या फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, कोबाल्ट किंवा सीझियमवर काहीही उपयोग नाही, आणि चुकीच्या वेळी घेतल्या तर अपायच. तारापूरसारख्या अणुवीज केंद्राच्या परिसरात त्या कधी घ्यायच्या ते प्रशासन सांगतं.

आपल्याकडे बंकर का नाहीत?

स्वित्झर्लंडने १९६० च्या दशकापासून घरं बांधतानाच आश्रयस्थळं सक्तीची केली, तिथे साधारण सगळ्या लोकसंख्येला पुरेल इतकी जागा आहे. मुंबईत माणसाला झोपायला जागा नाही, तिथे हा हिशेब जुळणार नाही.

आणि भंगारात काही संशयास्पद दिसलं तर?

पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पाकळ्यांचं काळं किंवा जांभळट चिन्ह असेल, किंवा आकाराच्या मानाने भलताच जड, शिशासारखा डबा असेल, तर तो हलवू नका, फोडू नका, वजनकाट्यावर ठेवू नका. माणसांना दूर करा आणि ११२ ला कळवा. ज्याने आणून दिला त्याचं नाव-गाव लिहून ठेवा, कारण तपास तिथूनच सुरू होतो. कुर्ल्याच्या आणि साकीनाक्याच्या भंगार गल्ल्यांत हे चिन्ह मराठी, हिंदी आणि उर्दूत छापून दुकानादुकानात लावलं तर त्याला एखाद्या मॉक ड्रिलच्या मंडपाएवढाही खर्च येणार नाही.